विंडोज १० चे अपडेट बंद झाले: बाबांचा कॉम्प्युटर ११ वर न्यावा, लिनक्सवर न्यावा, की आहे तसाच ठेवावा?

कृष्णाकाठ

मंडळी, घरच्या कॉम्प्युटरबद्दल सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकी अडचण कळेल.

वाईला आमच्या घरी २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. वापरणारे मुख्यतः बाबा. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि वाई व आसपासच्या गावांतले घाट, देवळं, शिलालेख, जुने वाडे यांच्या नोंदी वर्षानुवर्षं टाईप करून ठेवत आले आहेत. हे सगळं लिखाण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, अगदी विंडोज एक्सपीच्या काळापासूनचं. त्याशिवाय बँकेचं खातं बघणं, वीजबिल भरणं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल हे रोजचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून पडद्यावर सूचना येते आणि ती आली की बाबा मला फोन करतात. मशीनवर विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघितलं. टीपीएम २.० ला (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) हिरवी खूण, सिक्युअर बूटला (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हिरवी खूण, रॅम आणि डिस्कलाही हिरवी खूण. फुली आहे ती फक्त प्रोसेसरपुढे. गावातले दुकानदार म्हणतात, नवीन घ्या, याचं आता काही होणार नाही. मला ते पटत नाही. मशीन नीट चालू आहे, बाबांचा हात त्यावर बसला आहे, आणि केवळ एका यादीत नाव नाही म्हणून चांगली वस्तू भंगारात टाकायची हे मनाला बरोबर वाटत नाही.

घरात वहिनीचा एक लॅपटॉपही आहे, दहाव्या पिढीचा. त्याला विंडोज ११ मिळतंय, पण डाऊनलोडचं बटण दाबायची कुणाची तयारी नाही.

तर जाणकारांनी सांगावं: डेस्कटॉपचं काय करावं, आणि काहीही केलं तरी बाबांच्या फाइलींना धक्का लागणार नाही याची खात्री कशी करावी? दुसरा प्रश्न माझ्यासाठी पहिल्यापेक्षा मोठा आहे.

हडपसरकर

माझा हाच व्यवसाय आहे, दुरुस्तीचा. ऑक्टोबरपासून रोज हेच प्रश्न येतात, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आधी भीती काढून टाका. विंडोज १० बंद पडलेलं नाही आणि पडणारही नाही. मशीन चालू होईल, ब्राउझर चालेल, श्रीलिपी चालेल. थांबलं आहे ते एवढंच, की नवी फट सापडली तर ती बुजवणारा अपडेट आता आपोआप येणार नाही. एक्सपीचं असंच ८ एप्रिल २०१४ ला झालं, विंडोज ७ चं १४ जानेवारी २०२० ला.

पण 'चालतंय ना, मग राहू द्या' हेही मी कुणाला सांगत नाही. मे २०१७ मध्ये फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा ती फट बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता. ज्यांनी तो घातला नव्हता त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. बाबा याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करतात आणि त्यांच्या आयुष्यभराच्या नोंदी त्याच डिस्कवर आहेत. तेव्हा अपडेट हवेतच.

ते मिळवायचा रस्ता आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले आहेत. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथे विंडोज अपडेट उघडा, उजव्या बाजूला 'एनरोल नाऊ' दिसेल. दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट घालून घ्या, मशीन एकदा रीस्टार्ट करा, मग येतं. आवृत्ती २२एच२ हवी, ती तुमची आहेच. पैसे भरून घ्यायचं तर ३० डॉलरच्या आसपास, एकदाच. रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट असतील तर त्यावर मिळतं. आणि विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक करायला परवानगी दिली तर फुकट. बहुतेक लोक हा तिसरा पर्यायच घेतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, साध्या लोकल खात्यावर होत नाही. आणि 'सेटिंग्ज सिंक' म्हणजे फाइलींचा बॅकअप नव्हे. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबीच मिळते. तिथे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर चालू केलेत तर ती जागा लगेच भरते आणि मग नव्या सूचनांचा मारा सुरू होतो. बाबांच्या मशीनवर फोल्डर बंद ठेवा, सेटिंग्ज चालू ठेवा.

यातून मिळतात ते फक्त सुरक्षेचे अपडेट. नव्या सोयी नाहीत. बाबांना नव्या सोयी नको असतील तर हे उत्तमच आहे.

स्टुटगार्टकर

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी. युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या देशांत हे वर्षभराचे अपडेट सेटिंग्ज सिंक न करताही फुकट आहेत. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर ही अट इथे काढून टाकली गेली. खातं मात्र इथेही लागतं, आणि ६० दिवसांतून एकदा तरी त्या खात्याने साइन इन केलेलं असावं लागतं, नाहीतर अपडेट थांबतात. माझे सासरे इथे आमच्याकडे राहतात, ते लोकल खातंच वापरायचे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

भारतातल्या ग्राहकांना हीच सवलत का नसावी, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

टक्स_मावळा

कृष्णाकाठ, तुमच्या मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट प्रणाली, सुंदर चालेल. ८ जीबी रॅम त्याला भरपूर झाली. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सिनॅमन आवृत्तीचा चेहरामोहरा विंडोजसारखाच आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, बँक, वीजबिल यात बाबांना काही वेगळं जाणवणार नाही.

हार्ड डिस्कला हात न लावता आधी वापरून बघता येतं. पेनड्राइव्हवर मिंट घ्या, त्यावरून मशीन चालू करा, वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा सगळं तपासा. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की तुमचं विंडोज जसंच्या तसं.

युनिकोड मराठीची, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीची, सोय चांगली आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधूनच जोडता येतो, फोनेटिक हवं असेल तर तेही आहे. लिब्रेऑफिस मराठीत चालतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. श्रीलिपी लिनक्सवर चालवण्याच्या भानगडीत पडू नका. जुने फॉन्ट उचलून नेले तर जुन्या फाइली बरेचदा नीट दिसतात, पण त्यात टाईप करणं, दुरुस्ती करणं हे सॉफ्टवेअरशिवाय होत नाही, आणि विंडोजवरचं सॉफ्टवेअर त्याच्या लॉकसकट (परवान्यासाठी यूएसबीला लावायचा तुकडा) इथे आणणं भरवशाचं नाही. मी लिनक्सचा कट्टर पाठीराखा आहे, तरीही फाइलींचा प्रश्न सुटल्याशिवाय बाबांच्या मशीनवर मिंट घालू नका असंच म्हणेन.

चाफा

मी कोल्हापुरात डीटीपी करते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे अहवाल, सगळं हातून गेलंय. श्रीलिपीचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, कारण विंडोज कोणतं यापेक्षा हा प्रश्न कितीतरी नाजूक आहे आणि लोक तो शेवटी आठवतात.

आधी नेमकं काय घडतं ते समजून घेऊ. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक असतात, आणि फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी 'क', 'ख' यांचे आकार दाखवतो. फॉन्ट गेला की पानभर अगम्य चिन्हं. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण वाचायची किल्ली हरवलेली असते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या सगळ्यांची गोष्ट हीच, आणि प्रत्येकाची क्रमवारी वेगळी. शिवाजीच्या फाइलीला कृतिदेव लावून काही वाचता येत नाही.

म्हणून काहीही करण्याआधी या क्रमाने जा.

सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात फॉन्ट्स, तो फोल्डर उघडा आणि बाबा वापरतात ते सगळे फॉन्ट एका पेनड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. श्रीलिपीची मूळ सीडी, तिचा क्रमांक आणि यूएसबीचं लॉक एका डबीत ठेवा, वर चिठ्ठी लावा. ते लॉक कचरा समजून फेकलेलं मी पाहिलं आहे आणि त्या घरची अवस्थाही पाहिली आहे.

मग ज्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत त्यांची पीडीएफ करा. पीडीएफ करताना फॉन्ट आत जोडला जातो, त्यामुळे उद्या कोणत्याही मशीनवर, मोबाइलवरही, पान जसंच्या तसं दिसेल. दुसऱ्या मशीनवर, जिथे श्रीलिपी नाही, तिथे दोन-चार पीडीएफ उघडून बघा. दिसल्या तर काम झालं.

तिसरं काम युनिकोडमध्ये रूपांतर. नव्या श्रीलिपीत त्याची सोय आहे, इतरही कन्व्हर्टर आहेत. पण रूपांतर झालं म्हणजे संपलं असं समजू नका, मुद्रितशोधन लागतंच. जुन्या फॉन्टमध्ये आपण दिसतं तसं टाईप करतो: ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर, आणि रफार अक्षर संपल्यावर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. हा क्रम उलटवताना कन्व्हर्टर अडखळतो. 'मूर्ती', 'वर्षी', 'कार्तिक' हे शब्द तपासा. 'सर्वांना'सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकत्र येतात, तिथे दोन्हीपैकी एक गायब होतो. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र हमखास बिघडतो. घाटांच्या नोंदी म्हटल्या की 'पायऱ्या' पानोपानी असणार, त्यामुळे शोधून एकदम बदलता येतील. शिलालेखांच्या वाचनात तर एक मात्रा हलली तरी अर्थ बदलतो, ती पानं बाबांनी स्वतः मूळ पीडीएफ शेजारी ठेवून वाचलीच पाहिजेत. मजकुरात मध्येमध्ये इंग्रजी शब्द असतील तर तेही मराठी समजून रूपांतरित होतात आणि काहीतरी भलतंच उमटतं. असे परिच्छेद वेगळे काढून घ्या.

आणि मूळ फाइली कधीही पुसू नका. युनिकोडची प्रत झाली तरी मूळ राहू द्या.

आणखी एक. विंडोज नव्याने टाकलं की युनिकोडच्या जुन्या फाइलीही वेगळ्या दिसू लागतात, कारण मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आता मूळ इन्स्टॉलमध्ये येतीलच असं नाही, निर्मला यूआय तेवढा असतो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आहे, ते जोडा, मग फाइली पूर्ववत दिसतात. बाबांना युनिकोडमध्ये लिहायची सवय लावायची असेल तर विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, ११ मध्येही आहे. गूगलचं ऑफलाइन इनपुट टूल बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्याची जुनी सेटअप फाइल इकडूनतिकडून मिळवून घालत बसू नका.

जमाखर्च

चाफाताईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

मी हिशेबनीस आहे, माझ्या बाजूचं थोडं सांगतो. बऱ्याच सोसायट्या आणि छोट्या पतसंस्था आजही डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात. ते चालतं कारण त्या मशीनवर ३२ बिट विंडोज आहे. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटवर डॉसचे १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. शिवाय ३२ बिटवरून थेट वरच्या वर अपग्रेडही होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस हे जुने डॉस प्रोग्रॅम चालवून देणारे प्रोग्रॅम घालून मार्ग निघतो, पण छपाईसकट आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. मार्चअखेरीस तर याला हातच लावू नका.

डिजिटल सिग्नेचरचा टोकन (सहीची यूएसबी किल्ली) वापरणाऱ्यांनी लिनक्सवर जाण्याआधी दोनदा विचार करावा. सहीसाठी लागणाऱ्या बहुतेक युटिलिटी विंडोज धरूनच लिहिलेल्या असतात. विंडोज ११ वर मात्र टोकनचा ताजा ड्रायव्हर टाकला की काम होतं.

आजोळ

प्रश्न कदाचित साधा असेल. यूट्यूबवर बघितलं की रुफस नावाचा प्रोग्रॅम वापरून जुन्या मशीनवरही विंडोज ११ घालता येतं, तपासणी वगळून. मग कृष्णाकाठ यांनी तेच का करू नये? आमच्याकडेही सहाव्या पिढीचं मशीन आहे, म्हणून विचारते.

हडपसरकर

आजोळ, प्रश्न अगदी योग्य आहे. होतं. रुफसने होतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, एक नोंद करूनही होतं. ती नोंद तर एके काळी मायक्रोसॉफ्टनेच आपल्या संकेतस्थळावर दिली होती. सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ चालतंही बरं. त्याहून फार जुनं, म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातलं असेल, तर विंडोज ११ च्या २४एच२ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर सुरूच होत नाहीत, कारण प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञा असणं आता बंधनकारक आहे. तिथे कुठलीही युक्ती उपयोगाची नाही.

तरीही मी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मशीनवर हे करत नाही. महिन्याचे अपडेट बहुतेक वेळा येतात, पण ते येतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षातून एकदा मोठी आवृत्ती निघते, ती अशा मशीनला आपोआप मिळत नाही. दरवेळी पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा तीच युक्ती. हे स्वतः करणारा माणूस घरात असेल तर खुशाल करा. मुलगा पुण्यात आणि मशीन वाईत, अशा ठिकाणी नको.

आता ज्यांचं मशीन यादीत आहे तरी फुली येते त्यांच्यासाठी लिहितो, कारण दुकानात सर्वांत जास्त गैरसमज याचाच असतो. इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे बहुतेक सगळे प्रोसेसर चालतात. फुली टीपीएमपुढे असेल तर तो भाग मशीनमध्ये नाही असा अर्थ काढू नका, बहुतेकदा तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतो. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम असं नाव दिसेल. ते चालू करा, सेव्ह करा, बाहेर या. नवीन सुटा टीपीएम विकत घ्यायची गरज नाही.

सिक्युअर बूटपुढे फुली असेल तर प्रकरण थोडं लांबतं. आपल्याकडे असेंबल मशीनवर विंडोज मशीन सुरू करण्याच्या जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. सिक्युअर बूटसाठी सुरू होण्याची नवी पद्धत यूईएफआय आणि डिस्कची नवी मांडणी जीपीटी लागते. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची आज्ञा आहे, ती माहिती न पुसता मांडणी बदलते. पण तिची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन असावीत, एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन मुळीच नको. आणि आपल्या इथे तर सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून देण्याचीच पद्धत! त्यातले डी पासून पुढचे बहुधा लॉजिकल असतात. त्यामुळे आज्ञा पहिल्या तपासणीतच नकार देते. मग डी, ई, एफ मधला सगळा माल बाहेरच्या डिस्कवर हलवायचा, ती पार्टिशन काढायची, मांडणी बदलायची, आणि शेवटी बायोसमध्ये यूईएफआय करायचं. हा क्रम मोडू नका. आधीच बायोसमध्ये यूईएफआय केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही आणि माणूस घाबरतो. तसं झालंच तर परत लेगसी करा, सगळं होतं तसं चालू होतं.

लॅपटॉपसाठी एक इशारा. बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) आधीपासून चालू असतं आणि मालकाला ते ठाऊक नसतं. बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की पुढच्या वेळी निळा पडदा येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. हात लावण्याआधीच ती उघडून कागदावर उतरवा आणि कागद रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. २४एच२ पासून विंडोज ११ नव्याने टाकून खात्याने साइन इन केलं की हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, म्हणजे ही काळजी आता डेस्कटॉपवाल्यांनाही घ्यायची आहे.

कृष्णाकाठ, वहिनींच्या लॅपटॉपला भिण्यासारखं काही नाही. फाइलींची प्रत काढा, चार्जर लावून ठेवा, विंडोज अपडेटमधून ११ घ्या. फाइली, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. नाही आवडलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून 'गो बॅक' करता येतं. तेवढे दिवस डिस्क साफ करणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवू नका, विंडोज.ओल्ड फोल्डर गेला की परतीचा रस्ता बंद.

आणि डेस्कटॉपला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसवा. या धाग्यातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा बाबांना तो बदल जास्त जाणवेल. जुनी हार्ड डिस्क तशीच एसएसडीवर क्लोन करून (हुबेहूब उतरवून) घ्या, म्हणजे श्रीलिपी, फॉन्ट, डेस्कटॉपवरची चिन्हं सगळं जिथल्या तिथे. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क पुसू नका, काढून कपाटात ठेवा. आपोआप एक पूर्ण प्रत तयार झाली.

रानवारा

माझ्या आईने विंडोज ११ सहज स्वीकारलं. फक्त दोन गोष्टी करून दिल्या. खालच्या पट्टीवरची चिन्हं मधोमध येतात ती सेटिंग्जमधून डावीकडे घेतली, आणि राइट क्लिक केल्यावर जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये असतो हे दाखवून दिलं. पट्टी वरच्या बाजूला ठेवायची सवय असलेल्यांना मात्र जड जाईल, विंडोज १० सारखी ती ओढून वर नेता येत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कुणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगतो.

वहिनीचा लॅपटॉप ११ वर गेला. रिकव्हरी की आधी उतरवून घेतली. काहीही त्रास झाला नाही, तिची मुलांची शाळेची कामं त्याच संध्याकाळी त्यावर सुरू झाली.

डेस्कटॉप विंडोज १० वरच ठेवला. वाढीव अपडेटसाठी नोंदणी झाली, सिंकचा फुकट पर्याय घेतला, फोल्डर बंद ठेवले. एसएसडी बसवली आणि हडपसरकर म्हणाले ते शब्दशः खरं आहे. आधी बाबा बटण दाबून चहा घ्यायला जायचे, आता खुर्चीत बसेपर्यंत मशीन तयार असतं.

फाइलींचं काम चाफाताईंनी सांगितलं त्याच क्रमाने चालू आहे. फॉन्ट दोन ठिकाणी ठेवले, लॉक डबीत गेलं. पीडीएफ करण्याचं काम बाबा स्वतः करतात, रोज सकाळी एका गावाच्या नोंदी. रूपांतराचा नमुना म्हणून मेणवलीच्या घाटाची पानं घेतली. 'पायऱ्या' आणि 'सर्वांना' दोन्ही बिघडले होते, अगदी सांगितल्यासारखे. बाबांनी लाल पेनाने खुणा करून दिल्या, मी दुरुस्त केलं. बाबांना या वाचनात आनंद मिळतोय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आपलीच वाक्यं ते पुन्हा तपासताहेत आणि ज्या वाड्यांची नोंद केली त्यातले कोणते आता उरले नाहीत तेही समासात लिहिताहेत.

ऑक्टोबर २०२६ पर्यंत सगळं युनिकोडमध्ये आणायचं असं ठरवलं आहे. त्यानंतर याच मशीनवर मिंट घालावं, की आठव्या पिढीचं एखादं रिफर्बिश्ड ऑफिस मशीन घ्यावं, हे तेव्हा ठरवू. एक शंका राहिली. एखादी फाइल रूपांतरातून सुटली आणि ऑक्टोबरनंतर श्रीलिपीत उघडावी लागली तर? आणि आमच्याकडे कॅननचा जुना एलबीपी २९०० प्रिंटर आहे, त्याचं पुढे काय?

चाफा

मेणवलीचं वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. समासातल्या त्या नव्या नोंदी तारखेसह टाईप करून घ्या, मूळ मजकुरात मिसळू नका. पुढे कुणी अभ्यासाला घेतलं तर कोणती नोंद कधीची ते कळायला हवं.

सुटलेल्या फाइलींसाठी कपाटातली जुनी हार्ड डिस्क आहे ना, तिचाच उपयोग करा. त्यावर विंडोज १० आणि श्रीलिपी दोन्ही आहेत. गरज पडली तर एसएसडी काढून ती डिस्क जोडा, नेटची वायर काढा, वायफाय बंद ठेवा, फाइल उघडा, पीडीएफ करा, पेनड्राइव्हवर घ्या, डिस्क परत कपाटात. नेटला जोडायचीच नसेल तर अपडेट नसल्याचा धोका फारसा उरत नाही. माझ्याकडे विंडोज ७ चं एक मशीन केवळ जुन्या पेजमेकरच्या फाइलींसाठी असंच ठेवलेलं आहे, त्याला नेट कधीच दिलेलं नाही.

टक्स_मावळा

एलबीपी २९०० बद्दल: हा प्रिंटर कॅननच्या कॅप्ट पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर त्याला बसवणं कटकटीचं आहे. मिंट घ्यायचं ठरलंच तर आधी पेनड्राइव्हवरून चालू करून छपाई जमते का ते तपासा. नाही जमली तर घाई करू नका.

हडपसरकर

विंडोज ११ वर त्याचा १० चाच ६४ बिट ड्रायव्हर चालतो, माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे चालू आहे. कॅननच्या साइटवरून आत्ताच उतरवून फॉन्टच्या पेनड्राइव्हवर ठेवा. रिफर्ब घेताना दुकानदाराच्या 'आय-फाइव्ह आहे' या शब्दावर जाऊ नका, मशीन चालू करून सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा. चार आकडी क्रमांकाची सुरुवात आठने किंवा नऊने असेल, किंवा क्रमांक दहापासून पुढे सुरू होत असेल, तर घ्या. सहा-सातवाला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तसा एक तुमच्याकडे आहेच. आणि पीसी हेल्थ चेक पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथल्या तिथे चालवून बघा.